माय आलं

संगीता मॅडम: अवं, मले कायले पटवून राह्यली तू? इथं, माह्या पडवीतच बसून लिवला नं तू प्रवेशाचा निबंध. मी शेंगा सोलत होती अन् तू लिवत होती. प्रश्न माहा नाई जमने, पुण्याच्या मास्तरकीच्या कॉलेजवाल्याईचा हाय.

जमनी: मग त्यांना तसं सांगा ना, मॅडम. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

संगीता मॅडम: सांगतलं. सकाळीच सांगतलं. ते सर म्हणते, "मॅडम, विद्यार्थिनीवर तुमचा जीव असणं स्वाभाविक आहे." लय गोड बोलते माणूस. मतलब काय, तर मी तुह्यासाठी खोटं बोलून राह्यली.

जमनी: पण त्यांचं नेमकं म्हणणं काय आहे?

संगीता मॅडम: बस खाली, सांगतो. धावजीभाऊ, तुम्हीही बसा. उभे काहून हा? खुर्ची घ्या.

धावजी: राहू द्या मॅडम. खाली बरं हाय मले.

संगीता मॅडम: तर तिचा निबंध त्याईनं तपासाच्या मशीनमध्ये टाकला. असं काही असते आता. त्या मशीननं सांगतलं, हे माणसानं लिवेल नाई, मोबाईलमधून तयार करून घेतलं हाय.

जमनी: आमच्या पोडावर, त्या जंगलातल्या वस्तीत, रेंज येत नाही, मॅडम. फोन लावायचा तर टेकडीवर जावं लागतं.

संगीता मॅडम: तेही सांगतलं मी. मशीनवर त्याईचाही पुरा भरोसा नव्हता, म्हणून त्याईनं तुहं जुनं लिखाण काढलं. अकरावीत असतानी त्याईच्या ऑनलाईन मराठी वर्गात तुम्हा पोट्ट्याईचे नावं टाकले नव्हते का मी? तिथं चर्चेत रोज दोन-चार ओळी लिवा लागे. ते सारं त्याईच्यापाशी जमा हाय. ते अन् हा निबंध बाजूबाजूले ठेवला अन् म्हणते, ही एक पोरगी नाई. दोन हाय.

जमनी: त्यातलं कोणतं काढलं त्यांनी?

संगीता मॅडम: काहीही असो नं.

जमनी: पार्सलचं?

संगीता मॅडम: ...हाव. तेच.

धावजी: पार्सल कायचं?

जमनी: काही नाही, बा. तुम्ही चहा घ्या.

संगीता मॅडम: तू बापाले सांगतलंच नाई का वं अजून?

जमनी: सांगण्यासारखं काय होतं त्यात?

धावजी: सांग नं जमनी. मीही आयकतो.

जमनी: तिथं विषय होता, आज तुमच्या घरी काय घडलं. मी लिहिलं, "आज माय बाजारातून आलं. मले बांगड्या आणलं." तर पुण्याच्या एका मुलीनं, वैष्णवी नाव तिचं, तिनं खाली लिहिलं, "आई आलं? आई काय पार्सल आहे का?" झालं. मग सगळे हसले. म्हणजे हसण्याची ती पिवळी तोंडं टाकली सगळ्यांनी, पानभर. नंतर मी काहीही लिहिलं की कुणीतरी विचारायचं, पार्सल पोचलं का.

धावजी: मंग? मायच तं आलं होतं बाजारातून. त्यात हासाचं काय?

जमनी: आई आली म्हणतात, बा. आलं म्हणत नाहीत.

धावजी: आपुन तं तसंच म्हनतो. मानूस आला. बाई आलं, गाय आलं, पानी आलं. आपल्या कोलामीत बाईले निराळं कुठं हाय?

जमनी: कोलामीत नाही. मराठीत आहे.

धावजी: तुहं माय जलमभर तसंच बोललं. बाजारात कोनी नाई हासलं.

संगीता मॅडम: बाजारात भाव पाहते भाऊ, तिथं कोण व्याकरण पाहते. पण ते पुण्या-नाशकाचे पोट्टे. त्याईले काय माहीत पोड काय अन् कोलाम काय. मी त्या दिवशी तिथं लिवलं होतं बरं का, चार ओळी समजावून, की हे असं असं हाय, तिच्या घरची बोली वेगळी हाय. कोणी वाचलं नाई. एकानं अंगठा दाखवला.

जमनी: मी वाचलं होतं, मॅडम.

संगीता मॅडम: मंग त्याच्यानंतर या पोरीनं काय केलं माहीत हाय का भाऊ? दुसरी असती तर वर्ग सोडून पळाली असती. ही त्या वैष्णवीचंच लिखाण वाचत बसे. टेकडीवर जाऊन.

जमनी: ती चांगलं लिहायची. मी तिची वाक्यं पाठ करायचे. मग त्यातला एक शब्द काढून माझा घालायचे, वाक्य टिकतं का बघायचे. "वस्तुतः", "किंबहुना", "याउलट", हे सगळं मी तिच्याकडून घेतलं. मुलं तिथं तासन्‌तास भांडायची, कुठला खेळाडू मोठा, कुठलं गाव चांगलं. मला त्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. मी फक्त बघायचे, आली कुठं म्हणतात आणि आलं कुठं.

संगीता मॅडम: अन् बारावीत मराठीत कॉलेजात पहिली आली. माह्या हाताखालून किती पोट्टे गेले, पण इतकं सोवळं लिवणारी ही एकच.

धावजी: मंग आता अडलं काय? चांगलं लिवलं तं चांगलंच नं?

संगीता मॅडम: तेच तर दुखणं हाय भाऊ. जास्तच चांगलं लिवलं. पोडावरची पोरगी असं लिवूच शकत नाई म्हणते. जराशी चुकली असती तर आतापर्यंत नाव लागलं असतं.

धावजी: नाव नाई लागलं तं?

संगीता मॅडम: तर जागा दुसरीले जाईन.

धावजी: जाऊ देऊ नका मॅडम. चार सालं राहनं-जेवन फुकट, मंग मास्तरीन. पोडावरच्या शाळेत गुरुजी येते, चांगला मानूस हाय, पन आपले लेकरं काय म्हनते ते त्याले समजत नाई. लेकरं पानी मांगते, तो म्हनते चूप बसा. जमनी आलं तं समजल. तिचं मायही तेच म्हने. दुसरं काई मांगतलं नाई तिनं कवा.

जमनी: बा, पुरे.

संगीता मॅडम: ऐक जमने. तीन वाजून गेले, आता फोन येईन त्या सराचा. तुह्यासंगं तोंडी बोलणार हाय. मी एक सांगतो, रागावू नको.

जमनी: सांगा.

संगीता मॅडम: बोलतानी जराशी... म्हणजे पहिल्यासारखी बोल. मले, तुले म्हण. काहून, कायले म्हण. अन् मायचं काही विचारलं तर आली-गेली नको म्हणू. पहिले जसं म्हणे तसं म्हण. त्याईच्या जुन्या कागदावर जे हाय तेच तुह्या तोंडून निघालं, तर त्याईचा सवालच मिटला.

जमनी: म्हणजे चुका करू?

संगीता मॅडम: चुका नाई वं. आपलं नेहमीचं बोलणं.

जमनी: माझं नेहमीचं बोलणं आता हे आहे, मॅडम. माझ्या तोंडाकडे बघा ना. मी तुमच्याशी कशी बोलतेय?

संगीता मॅडम: तेही खरं हाय म्हणा.

जमनी: तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात आणि 'मले' म्हणता. बाई असून 'सांगतो' म्हणता. तुमची कुणी चौकशी लावत नाही. मी 'मले' म्हटलं तर हसतात, 'मला' म्हटलं तर चोर ठरवतात. मग मी बोलू तरी काय?

संगीता मॅडम: जमने, माह्यापाशी एवढंच हाय की फोन येणार हाय अन् जागा एकच हाय.

जमनी: मी नाही करणार तसं. मी कुणाचं घेतलेलं नाही. जे आलं ते मी कमावलं आहे.

धावजी: भांडू नको जमनी. मॅडम आपल्या भल्याचं सांगते.

जमनी: मी भांडत नाही, बा. त्यांनी निबंधावर काही खुणा केल्यात का, मॅडम?

संगीता मॅडम: पाठवला हाय फोटो. एका वाक्याखाली लाल रेघ मारली. म्हणते, "असं वाक्य अठरा वर्षांची मुलगी लिहीत नाही, यंत्र लिहितं." थांब, वाचतो. चश्मा कुठं ठेवला... हं. "त्या दिवशी आई पहाटेच उठली. तिने अंगण झाडले, पाणी भरले आणि मग ती उंबरठ्यावर बसून राहिली. आपल्याला काय होते आहे, हे तिने कुणालाच सांगितले नाही. किंबहुना, सांगण्यासाठी तिच्याजवळ भाषाच उरली नव्हती." हे शेवटचं. याच्याखाली रेघ हाय.

जमनी: याच्याखाली?

संगीता मॅडम: हाव. मलेही तेव्हा ते वाक्य जरा पुस्तकी वाटलं होतं, खरं सांगतो. म्हटलं असू दे, सजवलं असन.

जमनी: सजवलं नाही, मॅडम. निबंधात सगळ्यात खरं तेच एक वाक्य आहे.

संगीता मॅडम: म्हणजे?

जमनी: बा, तुम्ही जरा बाहेर जाता का?

धावजी: काहून? मी होतो नं तिथं. दवाखान्याचंच सांगून राह्यलं नं तू? सांग. मले माहीत हाय.

जमनी: तुम्हाला माहीत आहे?

धावजी: सांग तू मॅडमले.

जमनी: आईला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. बायकांची रांग होती. आई नर्सबाईंना कौतुकानं सांगत होती, "हे माहं पोरगी हाये, कालेजात शिकते, काल आलं." मी लगेच म्हटलं, "आलं नाही, आली." रांगेतल्या दोघी हसल्या. आईपण हसली. मग तिनं पुन्हा काहीतरी सांगितलं, मी पुन्हा सुधारलं. मला वाटलं, हिला हसण्याआधी मीच सांगितलेलं बरं. माझ्यावर जे आलं ते हिच्यावर नको. त्यानंतर आई बोललीच नाही. नर्सबाई विचारत होत्या, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, आणि आई माझ्याकडे बघत होती. सगळं मीच सांगितलं, अगदी व्यवस्थित. तर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही पेशंटच्या कोण? आशाताई का?" आई तिथंच होती.

संगीता मॅडम: अगं माय...

जमनी: त्यानंतर महिनाभर होती ती. बाहेरचं कुणी आलं की गप्प बसायची. आशाताई घरी यायच्या तेव्हासुद्धा मान हलवायची फक्त. माझ्यापुढं मराठी बोलायचंच सोडलं तिनं. आणि ते लोक म्हणतात, हे यंत्रानं लिहिलं.

धावजी: तुह्यावर राग नव्हता तिचं.

जमनी: तुम्हाला काय माहीत, बा?

धावजी: मले म्हनलं होतं. पोरगी आता मोठ्या लोकाईत बसते, आपल्या बोलन्यानं तिले खाली पाहा लागू नये. म्हनून चूप राहे. राग नव्हता.

जमनी: राग असता तर बरं झालं असतं.

(मॅडमचा फोन खाटेवरच वाजायला लागला. वाजता वाजता तो बंद पडायच्या बेताला आला, तेव्हा कुठे मॅडमनी उचलून तो स्पीकरवर टाकला. धावजीला मोठ्या साहेबांसमोर बसवेना. तो उठून अंगणात नळाकडे गेला.)

सर: नमस्कार मॅडम. जमनी आहे का जवळ?

संगीता मॅडम: आहे सर. बोला, ऐकते आहे ती.

सर: जमनी, बाळ, घाबरायचं अजिबात कारण नाही. असं बघ, आम्हाला कुणावर आरोप करायचा नाहीये. पण या वर्षी इतके निबंध बाहेरून तयार होऊन आले, की आमचाही नाइलाज आहे. तू मला तुझ्या आईबद्दल सांग. सहज.

जमनी: माझी आई अत्यंत कष्टाळू होती. आमची शेती कोरडवाहू असल्याने शेतीबरोबरच ती जंगलातील कामेही करायची. शिक्षण मिळाले नसले तरी शिक्षणाचे महत्त्व तिला...

सर: थांब, थांब. हे निबंधातलंच झालं, बाळ. पाठ केल्यासारखं वाटतंय. निबंध बाजूला ठेव. घरी बोलतेस तसं बोल.

जमनी: घरी आम्ही कोलामी बोलतो, सर. तुम्हाला कळेल का?

सर: ते मात्र नाही कळणार. मराठीतच सांग, पण घरच्यासारखं. हे बघ, तुझं जुनं लिखाण माझ्यासमोर आहे. त्यात एक गोडवा आहे, मातीचा वास आहे म्हण हवं तर. चुका आहेत, पण ते तुझं आहे हे कुणालाही कळेल. तो आवाज मला निबंधात कुठेच सापडत नाही. मला फक्त तीच मुलगी भेटव. ऐकते आहेस ना?

जमनी: हो.

सर: वेळ घे हवा तर.

संगीता मॅडम: जमने, बोल बाई.

जमनी: माय... माय उन्हाळ्यात गेलं, सर.

सर: हं.

जमनी: त्या दिवशी लवकर उठलं. आंगण झाडलं, पानी भरलं. मंग दारातच बसून राह्यलं. मले वाटलं, थकलं असन. मी म्हटलं, काय होऊन राह्यलं वं तुले, तर काई बोललं नाई. माह्याकडं पाह्यलं फक्त. मंग मी शेण टाकाले गेली. वापस आली तर माय तिथंच बसेल होतं. बा म्हणे, जमनी, माय गेलं.

सर: एक मिनिट हं, जुना कागद बघतो.

संगीता मॅडम: सर?

सर: आहे, आहे. उठलं, बोललं, गेलं. जुन्या लिखाणात अगदी हेच आहे. "माय बाजारातून आलं." बरोबर?

जमनी: हो.

सर: आता पटलं बघ मला. हे कुणाला बनवता येत नाही, बाळ. हे आतूनच यावं लागतं. तो निबंध कुणीतरी तपासून फार गुळगुळीत करून दिला असणार, तुमच्या मॅडमनीच बहुधा, हो की नाही मॅडम? असू द्या, त्याला काही हरकत नाही. मूळ मुलगी खरी आहे, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. मी समितीला तसं कळवतो. जुलैत यायची तयारी ठेव.

संगीता मॅडम: लय... फार आभारी आहे, सर.

सर: आणि जमनी, आईचं ऐकून वाईट वाटलं. फक्त एक. इथं आलीस की 'गेली' म्हणायची सवय लावून घे हं. उद्या तुला वर्गापुढं उभं राहायचंय. ठेवतो.

संगीता मॅडम: ...झालं. झालं बाई एकदाचं. धावजीभाऊ, या आतमध्ये. नाव लागलं पोरीचं.

धावजी: आयकलं मी. नळापाशी सारं आयकू आलं.

संगीता मॅडम: रडून काहून राह्यले मंग?

धावजी: रडत नाई मॅडम. जमनी मायचं बोललं नं, ते आयकून... गेलं म्हनलं. उठलं, बसलं म्हनलं. दोन सालापासून पोरगी मराठीत बोललं का मले सायबाच्या घरचं वाटे. मलेही तुमी म्हने. आज बोललं तं वाटलं, तिचं मायच बोलून राह्यलं दारात बसून.

जमनी: बा...

धावजी: असंच बोलत जाजो जमनी. पुन्याले गेलं तरी बोलजो. कोनी हासलं तं हासलं. बरं वाटलं आज जीवाले, लय बरं वाटलं. मी गाडी काढतो बाहेर, उजेड हाय तवर जंगलातला रस्ता कापू.

संगीता मॅडम: जा, काढा. ...पाह्य जमने, मी म्हणत होती नं? तू उगाच अडून बसली होती. आठवण आली तर तोंडातून निघालंच नं आपोआप.

जमनी: आपोआप नाही निघालं, मॅडम.

संगीता मॅडम: मंग?

जमनी: तोंडात 'गेली' आलं होतं. ते गिळलं आणि 'गेलं' म्हटलं. उठली, बसली, थकली, सगळं तसंच. आधी मनात बरोबर वाक्य तयार व्हायचं, मग मी ते चुकवून बोलायचे.

संगीता मॅडम: काही काय बोलून राह्यली वं? मले तर जराही...

जमनी: तुम्हाला नाही कळलं. त्यांनाही नाही कळलं. बाला वाटलं, मायच बोलतेय.

संगीता मॅडम: अवं, ते काही कायमचं जात नाई. येईन वापस.

जमनी: मी वाट बघत होते, मॅडम. बोलताना सारखं वाटत होतं, आता एखादं तरी खरोखरचं येईल. ती दारात बसलेली दिसत होती मला, तिचा पदर दिसत होता. तरी नाही आलं.

संगीता मॅडम: जमने, इकडं ये. बस माह्यापाशी जराशी.

जमनी: बाची गाडी सुरू झाली. निघते मी. मॅडम, बानं कधी विचारलं ना, तर आपोआपच आलं म्हणून सांगा.